पुराची तयारी आणि आपली तब्येत: घर वाचवताना घरातल्या माणसांचं काय होतं

सांगलीत इर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि 45 फुटांवर गेलं की धोका पातळी, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 ला इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे आमच्या भागातल्या शाळकरी पोरांना पण पाठ आहेत. जुलै लागला की दर दोन तासाला कुणीतरी ग्रुपवर पातळी टाकतं, त्याखाली लगेच कोयनेतून किती सोडलं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग चालू आहे याची चर्चा. 2005, 2019, 2021 असे मोठे पूर बघितलेली माणसं आहेत ही, त्यामुळे पाण्याचा हिशोब आता सगळ्यांना येतो. पण या सगळ्या धावपळीने, तयारीने, दरवर्षी सामान उचलून वर ठेवण्याने माणसाच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं, हे मोजायला कुठला पूल नाही आणि कुठली पातळी नाही, म्हणून त्याबद्दल बोलणं पण होत नाही. आज त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितोय.

पुराच्या धोक्याशी जुळवून घेण्यात बऱ्याच गोष्टी येतात. घराचं जोतं वाढवणं, तळमजला रिकामा सोडून वर राहायला जाणं, नदीला संरक्षक भिंत बांधणं, गावच उठवून माळावर नेणं, वेळेवर अलर्ट देणं, पूररेषा आखून त्याच्या आत बांधकामाला परवानगी न देणं (निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची), आणि अगदी साधं म्हणजे जूनच्या आधी कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवणं. यातला प्रत्येक उपाय पाण्यापासून काहीतरी वाचवतो, पण तो करायला कुणालातरी पैसे, झोप, कष्ट किंवा शेजार यातलं काहीतरी सोडावं लागतं, आणि तिथूनच तब्येतीचा विषय सुरू होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की उपाय चांगला की वाईट हे ठरवताना किती फूट पाणी अडलं याबरोबर, तो उपाय कुणाच्या अंगावर पडला आणि तो ठरवताना त्या माणसाला विचारलं होतं का, हे पण बघायला पाहिजे.

आधी सगळ्यात मोठा फायदा सांगतो, कारण तो खरंच मोठा आहे. वेळेवर बाहेर पडणं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका, लहान पोरं बुडून गेली, ती बातमी इथलं कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी एवढी माणसं घरात का अडकली याचं एक कारण म्हणजे 2005 ची खूण. भिंतीवर, खांबावर, लोकांच्या डोक्यात 2005 ला पाणी कुठवर आलं होतं ते पक्कं बसलेलं होतं, त्याच्या वर येणार नाही असा हिशोब करून लोक थांबले, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, सांगलीत 57 फुटांच्या पुढे. म्हणजे मागच्या पुराशी जुळवून घेतलेलंच पुढच्या पुरात अंगाशी आलं. 2021 ला मात्र बरेच लोक पाणी दारात यायच्या आधी निघाले, जनावरं पण आधी हलवली, आणि हा शहाणपणा कुठल्या पुस्तकातून नाही तर 2019 च्या धसक्यातून आला.

आता निघायचं म्हणजे जायचं कुठं? शाळेत, मंगल कार्यालयात, मठात. कोल्हापुरात सुतारवाड्यातली माणसं पाणी वाढलं की चित्रदुर्ग मठात जातात, वर्षानुवर्षं हेच चालू आहे, सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांचा नंबर सगळ्यात आधी लागतो. जीव वाचला हे खरं, पण निवारा केंद्रात चार-आठ दिवस काढणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्या बाईला विचारा. शेकडो माणसांना मोजके संडास, रात्री तिकडे जायला उजेड नाही, म्हणून बायका पाणीच कमी पितात, मग लघवीची जळजळ, इन्फेक्शन, ताप. पाळी आलेली पोरगी कुणाला सांगणार की पॅड पाहिजेत, आणि वापरलेलं टाकायचं कुठं. शुगरवाल्या म्हाताऱ्याला तीन वेळा भात आणि चहा-बिस्किट, कारण मदत म्हणून तेच येतं, देणाऱ्यांचा भाव चांगला असतो पण त्या माणसाची शुगर चारशेवर जाते. बीपीची गोळी घरी फ्रीजवर राहिलेली असते. ही कुणाची चूक म्हणून सांगत नाही, पण केंद्र उघडलं आणि जेवण दिलं एवढ्यावर काम झालं असं धरलं जातं, आणि आरोग्याच्या दृष्टीने खरं काम तिथून सुरू होतं.

जनावरांचा मुद्दा शहरातल्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. बोटीवाले येऊन सांगतात चला आणि दादा म्हणतो म्हशी सोडून येणार नाही, तर तो हट्टी आहे असं वाटतं. अहो, त्या दोन म्हशींवर घर चालतं, त्यातली एक गाभण असते, आणि पाण्यात दावणीला बांधलेलं जनावर कसं मेलं हे ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला पुढे कित्येक महिने झोप येत नाही. म्हणून जनावरांसाठी उंचावर जागा, वैरण आणि पाणी याची सोय करणं हे माणसाच्या मानसिक आरोग्याचं काम आहे असं मला अगदी मनापासून वाटतं, ते पशुसंवर्धनाच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. गोठ्याची सोय असेल तर माणूस एक दिवस आधी निघतो, त्या एका दिवसात सगळं सामान व्यवस्थित हलतं, औषधं बरोबर येतात, म्हातारीला खांद्यावरून न्यावं लागत नाही.

पाणी ओसरलं की दुसरा अध्याय. 2019 ला कोल्हापुरात चारी बाजूला पाणी आणि नळाला टिपूस नाही अशी अवस्था होती कारण उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती, 2021 ला पुन्हा तेच झालं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, त्यामुळे टँकर, औषधं, दूध सगळं अडकलं. मग लोक काय करतात, मिळेल ते पाणी बॅरलमध्ये, पिंपात, बादल्यांत भरून ठेवतात, आणि यातच डेंग्यूचा डास वाढतो, कारण तो घाण गटारापेक्षा घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात जास्त खूष असतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बघा म्हणजे, पाणी साठवणं ही तयारीच आहे, पण झाकण नसलं की तीच तयारी महिन्याभराने ताप घेऊन येते. पिंपावर घट्ट झाकण किंवा फडकं बांधायचं आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं, एवढंच करायचं असतं. पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाकायचं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, लगेच प्यायलं तर उपयोग नाही. गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकलंय का हे ग्रामपंचायतीला विचारायला लाजू नका.

आणि चिखल. पुराचा चिखल कुणी उपसला नसेल तर त्याला कळणार नाही, तो वाळायच्या आत काढावा लागतो नाहीतर दगड होतो, म्हणून सगळं घर पायात चप्पल आहे का नाही न बघता कामाला लागतं. त्या चिखलात, पाण्यात उंदरांचं, जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं, पायाला बारीक जखम किंवा भेग असली की तिथून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू शिरतात. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला त्यानंतर लेप्टोने किती माणसं गेली ते आठवत असेल. लक्षण लगेच दिसत नाही, बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांनी जोराचा ताप, पिंढऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल, आणि माणूस म्हणतो साफसफाईने अंग दुखतंय, क्रोसिन घेऊन झोपतो. तिथे दिवस जातात आणि किडनी, लिव्हरवर येतं. त्यामुळे पुराच्या पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरला स्वतःहून सांगायचं. लेप्टो होऊ नये म्हणून आधी घ्यायची डॉक्सीसायक्लिनची गोळी असते, ती पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विचारा, पण मनाने घेऊ नका कारण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत. गमबूट आणि हातमोजे मिळाले तर चैन समजू नका, ते औषधाइतकेच महत्त्वाचे. गोठ्याच्या कोपऱ्यात, लाकडाच्या ढिगात साप आलेले असतात, काठीने आपटल्याशिवाय हात घालायचा नाही, चावलाच तर मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना.

घर साफ कोण करतं हे पण बघा. बाहेरून मदत करणारी पोरं पहिले दोन-तीन दिवस येतात, देव त्यांचं भलं करो, पण त्यानंतरचं महिनाभराचं काम, म्हणजे गोधड्या धुणं, धान्य वाळवणं, भांडी घासघासून वास घालवणं, ओल आलेल्या भिंतीशेजारी स्वयंपाक करणं, ते घरातल्या बाईवर पडतं. ओल्या भिंतीवर बुरशी येते, त्याने लहान पोरांना खोकला, धाप सुरू होते, मग रात्रीचं जागरण पण तिच्यावरच. तिची कंबर, तिचे गुडघे, तिची चिडचिड याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

आता मनाचं. लोकांना वाटतं पूर गेला की भीती गेली, पण तसं होत नाही. इंग्लंडमध्ये 2013-14 च्या हिवाळ्यात मोठे पूर आले, तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने नंतर लोकांचा कित्येक वर्षं अभ्यास केला, तर ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यातल्या सुमारे 36 टक्के लोकांना वर्षभरानंतर सुद्धा आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती, म्हणजे तेच तेच डोळ्यासमोर येणं, दचकणं, झोप न लागणं. साधारण 28 टक्के लोकांत चिंतेचा त्रास आणि 20 टक्के लोकांत नैराश्य. तिथे तर विमा आहे, वैद्यकीय व्यवस्था आहे, तरी ही अवस्था. त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, ज्यांना घर सोडावं लागलं त्यांच्यापैकी ज्यांना आधी इशारा मिळालाच नव्हता त्यांना जास्त त्रास झाला. म्हणजे अलर्टने नुसता जीव आणि टीव्ही वाचत नाही, पुढच्या वर्षाची झोप पण वाचते, कारण माणूस स्वतः ठरवून, आवरून, कुलूप लावून निघतो. कुणीतरी मध्यरात्री उचलून बोटीत टाकणं आणि आपण आपल्या पायांनी बाहेर पडणं यात मनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण अलर्टचीही एक बाजू आहे जी सांगितली पाहिजे. दिवसरात्र पातळी बघत बसणं. धरण फुटलं, एवढे लाख क्युसेक सोडले, जुन्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरवणं, हे आता प्रत्येक पावसाळ्यात होतं आणि त्याने माणसं आजारी पडतात, छातीत धडधड, जेवण जात नाही, पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसायचं. लहान पोरं आईबापाचा चेहरा बघून घाबरतात. त्यावर माझ्या मते एकच गोष्ट चालते, एक अधिकृत ठिकाण ठरवायचं (पाटबंधारे किंवा जिल्हा प्रशासन), सकाळी-संध्याकाळी तेवढंच बघायचं, आणि कितव्या फुटाला आपण निघणार हे घरात आधीच ठरवून ठेवायचं. आकडा ठरलेला असला की दर तासाला निर्णय घ्यावा लागत नाही, आणि माणूस थकतो तो या दर तासाच्या निर्णयाने.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड उपाय म्हणजे गावच उठवणं. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचं उदाहरण घ्या. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिली, पण सगळं गाव काही गेलं नाही आणि अजून पाणी वाढलं की लोक जनावरांसकट सोनतळीला जातात, ओसरलं की परत चिखलीला. बाहेरून बघणारा म्हणतो जागा दिलीय तर राहत का नाहीत. पण शेत नदीकाठी, ऊस नदीकाठी, वैरण आणायला रोज खाली यायचं, वाढलेल्या कुटुंबाला वाटणीत जागा पुरत नाही, मालकी हक्काच्या कागदांचा घोळ वर्षानुवर्षं चालतो, देऊळ खाली, तालीम खाली, चार पिढ्यांचा शेजार खाली. दोन ठिकाणी अर्धं अर्धं घर असणं हा पण एक कायमचा ताण असतो, खर्च दोन्हीकडे आणि निवांतपणा कुठेच नाही. मी पुनर्वसनाच्या विरोधात अजिबात नाही, काही वस्त्यांना दुसरा मार्गच नाही. पण माणूस एकटा पडला की लवकर आजारी पडतो, म्हातारी माणसं तर नव्या जागी ओळखीचं कुणी नसलं की बोलणंच बंद करतात, आणि त्यामुळे शेजार तोडून लॉटरीने प्लॉट वाटणं हे आरोग्याच्या दृष्टीने चुकीचं आहे, गल्लीच्या गल्ली एकत्र हलली पाहिजे, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हातात मिळालं पाहिजे, एसटी आणि दवाखाना आधी आणि माणसं नंतर गेली पाहिजेत.

घर उंच करणं, वरचा मजला चढवणं हे ज्याला परवडतं तो करतो. पण बरेच जण कर्ज काढून करतात, पतसंस्थेचं, बचत गटाचं, सोनं गहाण ठेवून, आणि मग पाणी घरात आलं नाही तरी हप्ता दर महिन्याला येतो. शिवाय गुडघे दुखणारी आजी वरच्या मजल्यावर गेली की खाली कट्ट्यावर येऊन बसणं बंद, तिचं सगळं जग एका खोलीत. भाड्याने राहणाऱ्याचं तर अजून वेगळं, घर मालकाचं, बिघडलं ते सामान याचं, आणि मदतीच्या वेळी कागद मालकाच्या नावावर. शेतमजुराचं कुठलं पीक बुडत नाही पण दोन महिने काम बुडतं. भिंत बांधून एका बाजूची वस्ती वाचवली तर पाणी कुठेतरी दुसरीकडे पसरणारच, आणि त्या दुसरीकडे कोण राहतं हा प्रश्न भिंत बांधायच्या आधी विचारायचा असतो.

हे सगळं वाचून वाटेल की पूर म्हणजे फक्त दुःख. तसं पण नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्त मंदिरात दर पावसाळ्यात पाणी येतं, उत्सवमूर्ती वर हलवतात, दक्षिणद्वार सोहळा होतो (पादुकांवरून आलेलं नदीचं पाणी दक्षिण दारातून बाहेर पडतं तो), लोक मुद्दाम स्नानाला येतात. कोण काय उचलणार, देव कुठे नेणार, दुकानं कधी मागे घ्यायची हे सगळं तिथे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे. मोठ्या महापुरात वाडीचे पण हाल होतात हे खरंच आहे, पण नेहमीच्या पुराची तिथल्या माणसाला धास्ती कमी असते, कारण काम वाटलेलं आहे आणि कुणी एकटा नाही. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, त्यानंतर तिथल्या लोकांनी नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं आणि गाळ काढायचं काम सुरू करायला लावलं. गाळ काढल्याने पुराची किती उंची कमी होते यावर तज्ज्ञ वाद घालतील, घालू देत, पण दुकान चिखलात गेलेला माणूस चार लोकांबरोबर मांडवात बसून काहीतरी करतोय, नुसता नशिबाला दोष देत बसला नाहीये, हे त्याच्या मनासाठी फार मोठं असतं.

मग घरच्या घरी काय करायचं. जूनच्या आधी बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स यांच्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या जास्तीच्या आणून चिठ्ठीसकट कागदपत्रांच्याच पिशवीत ठेवायच्या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये पाहिजे. इन्सुलिन असेल आणि लाईट गेली तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही असं डबीत बंद करून ठेवलं तरी बरंच थंड राहतं, बर्फावर थेट ठेवू नका, गोठलं की खराब होतं. डायलिसिसवाला माणूस, आठवा-नववा महिना लागलेली बाई, ऑक्सिजनवरचा पेशंट यांनी इशारा पातळीलाच पलीकडे नातेवाइकांकडे जायचं, धोका पातळीची वाट बघायची नाही. जनरेटर बंद खोलीत लावू नका, त्याच्या धुराला वास येईलच असं नाही आणि झोपेत माणूस जातो. आणि पूर जाऊन दोन-तीन महिने झाले, मदतीच्या गाड्या थांबल्या, पंचनामे संपले, तरी घरातलं कुणी झोपत नसेल, उगाच रडत असेल, दारू वाढली असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आशाताईंनी खरं तर याच काळात घरोघरी जायला पाहिजे, पण त्यांचं स्वतःचं घर पण त्याच पुरात गेलेलं असतं, हे कुणी लक्षात घेत नाही, त्यांना पण सुट्टी आणि आधार लागतो.

गावासाठी विचाराल तर 1 मेची ग्रामसभा पावसाच्या बरोबर महिनाभर आधी येते. तिथे नालेसफाई आणि बोटींबरोबर हे पण विचारा की निवाऱ्याच्या शाळेत बायकांचे संडास किती आहेत आणि तिथे रात्री लाईट असते का, जनावरं कुठे बांधायची, गावातल्या आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी कुणाकडे आहे, त्यांना उचलायला कुठल्या गल्लीतली कोण पोरं जाणार, आणि त्या पोरांची नावं ग्रामसेवकाच्या वहीत त्याच दिवशी लिहून घ्या.